जुन्या छपरांचा भार : ॲस्बेस्टॉस पत्रे उतरवण्याचे अर्थकारण

घरबांधणी हा आपल्या नियोजनातील जुना विषय आहे. घर किती चौरस मीटरचे असावे, ते कोणत्या साहित्याचे असावे, त्यासाठी शासनाने किती साहाय्य द्यावे, याची चर्चा पंचवार्षिक योजनांच्या काळापासून होत आली. मात्र जुने घर उतरवताना त्यातून काय बाहेर पडते, ते कोठे जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच आला. गावोगावच्या घरांवर, गोठ्यांवर, शाळांवर आणि शहरांतील वस्त्यांवर दिसणाऱ्या करड्या, नागमोडी सिमेंटच्या पत्र्यांमुळे हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. या पत्र्यांपैकी बहुसंख्य ॲस्बेस्टॉसयुक्त आहेत आणि त्यांतील अनेकांचे आयुष्य संपत आले आहे.

छताच्या खडबडीत गिलाव्याचा धडा

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी आधी पाश्चात्त्य देशांतील एका वेगळ्या छताकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीला वेग आला. त्या काळात खोल्यांच्या छताला आतून खडबडीत, दाणेदार गिलावा फवारण्याची पद्धत रूढ झाली. गुळगुळीत गिलाव्याला कुशल कारागीर आणि वेळ लागतो. फवारलेल्या गिलाव्यात छताचे दोष झाकले जात, आवाज कमी घुमे आणि मजुरीही वाचे. ब्रिटनमध्ये अशाच गिलाव्यावर नक्षी काढली जाई. तेथे तो ‘आर्टेक्स’ या व्यापारी नावाने ओळखला गेला. दोन्ही देशांत या मिश्रणात मजबुतीसाठी अनेकदा पांढरे ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे.

अमेरिकेत १९७३ मध्ये उष्णतारोधनासाठी व आगीपासून संरक्षणासाठी ॲस्बेस्टॉस फवारण्यावर बंदी आली. १९७८ मध्ये ती सजावटीच्या फवारणीलाही लागू झाली. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली. परंतु बंदीमुळे नवे साहित्य थांबले, जुनी छते मात्र जागेवरच राहिली. पुढे त्यांची फॅशन गेली आणि घरमालक पत्रीने कोरडा गिलावा खरवडू लागले. वर्षानुवर्षे निपचित असलेले तंतू त्यामुळे घराच्या हवेत मिसळू लागले.

या अनुभवातून दोन्ही देशांत जे मार्गदर्शन तयार झाले, त्याचे सार तीन सूत्रांत सांगता येते. छत अखंड असेल तर त्याला छेडू नये. हवे तर त्याखाली दुसरी तक्तपोशी करून ते झाकावे. काढायचेच असेल तर आधी नमुन्याची तपासणी करावी. आणि काढताना ते ओले करून, खोली बंद ठेवून, प्रशिक्षित माणसांकडून काढावे. थोडक्यात, छतातील द्रव्याइतकेच ते कोणत्या रीतीने हाताळले जाते, याला महत्त्व आहे. भारतात असा फवारलेला गिलावा फारसा आढळत नाही. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस आहे ते छपरावर, पत्र्याच्या रूपात. तरीही ही तिन्ही सूत्रे येथे तंतोतंत लागू पडतात.

तंतूंचा धोका केव्हा उद्भवतो ?

ॲस्बेस्टॉस हे खनिज अतिसूक्ष्म तंतूंच्या रूपात आढळते. ते जळत नाही, कुजत नाही आणि सिमेंटला ताण सहन करण्याची शक्ती देते. भारतात बनणाऱ्या पत्र्यात वजनाने साधारणपणे दहा टक्क्यांहून कमी ॲस्बेस्टॉस असते. उरलेला भाग मुख्यतः सिमेंट आणि औष्णिक वीजकेंद्रांतील राखेचा असतो. ज्या टिकाऊपणामुळे हे तंतू उपयुक्त ठरतात, त्याच टिकाऊपणामुळे ते घातक ठरतात. श्वासावाटे फुप्फुसात गेलेला तंतू विरघळत नाही आणि शरीर त्याला सहजासहजी बाहेर टाकू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह त्याचे सर्व प्रकार मानवात कर्करोगकारक असल्याचे नि:संदिग्धपणे म्हटले आहे. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, स्वरयंत्राचा व बीजांडकोशाचा कर्करोग आणि फुप्फुसे कडक होत जाणारा ॲस्बेस्टोसिस हे त्याचे परिणाम आहेत. कामाच्या ठिकाणी आलेल्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये बंदीला पाव शतक उलटल्यानंतरही ॲस्बेस्टॉसजन्य आजारांनी वर्षाला सुमारे पाच हजार माणसे दगावतात. संपर्क आणि आजार यांच्यामधील अंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांचे असते, हे त्यामागचे कारण.

येथे प्रमाणाचे भान राखणे आवश्यक आहे. अखंड पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर रोजच मोठे संकट आहे, असे म्हणता येणार नाही. अशा पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. पत्रा उत्पादकांचा ‘नियंत्रित वापर सुरक्षित आहे’ हा युक्तिवाद याच वस्तुस्थितीवर उभा आहे. तथापि हा युक्तिवाद पत्र्याच्या आयुष्याच्या एकाच टप्प्याचा विचार करतो. ऊन-पावसाने पृष्ठभागावरचे सिमेंट झिजते, शेवाळ धरते आणि तंतू उघडे पडतात. पावसाळ्यापूर्वी तारेच्या ब्रशने शेवाळ घासणे, आकड्यांसाठी नवी भोके पाडणे, करवतीने पत्रा कापणे, वरून खाली फेकणे या प्रत्येक कृतीतून धूळ निर्माण होते. कारखान्यात धूळ शोषणारी यंत्रे बसवता येतात. घराच्या पडवीत, अंगणात अशी कोणतीही व्यवस्था नसते. नियंत्रित वापराची कल्पना कारखान्याच्या फाटकापाशी संपते. पत्रा मात्र त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे वापरात राहतो आणि शेवटी फुटतो.

मोजणीतील उणीव

देशात अशी छपरे किती आहेत ? २०११ च्या जनगणनेनुसार १५.९ टक्के कुटुंबांच्या घरांचे छप्पर ‘जस्ती, धातूचे किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे’ या वर्गात मोडत होते. २००१ मध्ये हे प्रमाण ११.६ टक्के होते. २०११ मधील सुमारे २४ कोटी ६७ लाख कुटुंबांचा विचार करता ही संख्या चार कोटींच्या जवळ जाते. मात्र टिनाचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात घातल्यामुळे त्यांतील ॲस्बेस्टॉसची घरे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत ॲस्बेस्टॉस पत्र्याचा पर्याय स्वतंत्र आहे. परंतु ते नमुना सर्वेक्षण असल्याने कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत किती छपरे आहेत, हे त्यातून सांगता येत नाही.

या वर्गीकरणाला आणखी एक बाजू आहे. जनगणनेच्या व्याख्येत ॲस्बेस्टॉसचा पत्रा टिकाऊ साहित्यात मोडतो. म्हणजे गवताचे छप्पर काढून ॲस्बेस्टॉसचा पत्रा घातला की घर ‘कच्च्या’तून ‘पक्क्या’कडे सरकते आणि आकडेवारीत प्रगतीची नोंद होते. कुटुंबाच्या दृष्टीनेही ही प्रगतीच असते. गळती थांबते, आगीचे भय जाते, दरवर्षीची शाकारणी वाचते. टिनाच्या तुलनेत हा पत्रा कमी तापतो, पावसात कमी वाजतो आणि गंजत नाही. गरीब कुटुंबाने त्याची केलेली निवड अविचाराची नव्हती. उपलब्ध माहिती आणि हातातील पैसा यांच्या मर्यादेत ती योग्यच होती. उणीव होती ती माहितीत आणि किंमतीत. पत्र्याच्या बाजारभावात तो पुढे उतरवण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च कधीच धरला गेला नाही.

खर्च कोणावर पडतो ?

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. व्यवहार दोघांचा असतो, पण त्याचा काही भार व्यवहाराबाहेरील तिसऱ्यावर पडतो. एका लहान घराचा हिशेब पाहू. पंचवीस चौरस मीटरच्या घराला उतार आणि वळचण धरून तीन मीटर लांबीचे दहा-बारा पत्रे लागतात. त्यांचे वजन ढोबळ मानाने चारशे किलोंच्या घरात जाते आणि त्यात ॲस्बेस्टॉस तीस किलोंच्या आसपास असते. हे छप्पर सुरक्षितपणे उतरवायचे तर पाणी, जाड प्लॅस्टिक, योग्य मुखपट्ट्या, जादा मजुरी आणि घातक कचऱ्याच्या केंद्रापर्यंतची वाहतूक यांचा खर्च येतो. असुरक्षितपणे उतरवायचे तर दोन मजूर, एक पहार आणि अर्धा दिवस पुरतो. घरमालकाच्या दृष्टीने दुसरा मार्ग स्वस्त आहे. त्याचे जादा मोल तो मजूर, घरातील मुले आणि शेजारी मोजतात, आणि तेही वीस-तीस वर्षांनंतर. एवढ्या दीर्घ अंतरामुळे आजाराचा संबंध त्या अर्ध्या दिवसाशी कोणी जोडत नाही.

उतरवलेल्या पत्र्यांचे पुढे काय होते, हेही सर्वज्ञात आहे. धड पत्रे गोठ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा न्हाणीच्या आडोशाला लागतात. तुटलेले तुकडे अंगणात, रस्त्याच्या खड्ड्यात भराव म्हणून पडतात आणि ये-जा करणाऱ्या वाहनांखाली भरडले जातात. काटकसर हा आपल्या समाजाचा गुण आहे; येथे मात्र तोच गुण धोक्याचे आयुष्य वाढवतो.

कायद्याची व्याप्ती

या विषयात भारतात काहीच झाले नाही, असे नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ मध्ये थांबले आणि १९९३ पासून जुन्या परवान्यांचे नूतनीकरणही बंद झाले. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निर्णय तर कामगारांच्या आरोग्याच्या हक्कातील मैलाचा दगड ठरला. आरोग्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानून न्यायालयाने बाधित कामगारांना एक लाख रुपये भरपाई आणि त्यांच्या आरोग्यनोंदी किमान चाळीस वर्षे जतन करण्याचा आदेश दिला.

मात्र हे संरक्षण कारखान्यातील कामगाराला मिळाले. गावात छप्पर उतरवणारा मजूर कोणाच्याही हजेरीपटावर नसतो, त्यामुळे त्याची आरोग्यनोंदही नसते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉसचा समावेश आहे, पण त्यांची रचना प्रामुख्याने उद्योग डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील एखाद्या कुटुंबाने दहा पत्रे घेऊन तेथपर्यंत जावे, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. भारतीय मानक ब्युरोने १९८० च्या दशकातच ॲस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी मानक तयार केले. पण ते ग्रामपंचायतीच्या किंवा गवंड्याच्या हाती पोहोचलेले नाही.

दुसरीकडे, खाणी थांबल्या तरी आयात थांबली नाही. रशियासारख्या देशांतून येणारे पांढरे ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या देशांत भारत जगात आघाडीवर आहे आणि २०१० नंतरच्या बहुतेक वर्षांत ही आयात सुमारे तीन लाख टन किंवा त्याहून अधिक राहिली. म्हणजे आज बसवला जाणारा पत्रा २०६० च्या सुमारास कोणीतरी उतरवणार आहे. एका हाताने जुने छप्पर उतरवायचे आणि दुसऱ्या हाताने तसेच नवे चढवायचे, अशा स्थितीत प्रश्नाचा आकार वाढतच जाणार.

इतर देशांच्या वाटा

या संदर्भात दोन देशांचे अनुभव बोलके आहेत. पोलंडने १९९७ च्या कायद्याने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आणि २००९ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०३२ पर्यंत देश ॲस्बेस्टॉसमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपापल्या हद्दीतील छपरांची यादी केली आणि ती एका राष्ट्रीय माहितीकोशात नोंदवली. साहाय्य मात्र सर्वसाधारणपणे जुने छप्पर काढणे, वाहून नेणे आणि पुरणे एवढ्यापुरते राहिले. नव्या छपराचा खर्च घरमालकावर पडल्याने अल्प उत्पन्नाची कुटुंबे मागे राहिली आणि कार्यक्रमाची गती उद्दिष्टापेक्षा मंदावली.

दक्षिण कोरियाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. १९७० च्या दशकात तेथे ग्रामविकासाच्या ‘सेमाउल उन्दोंग’ चळवळीत गवती छपरे काढून ॲस्बेस्टॉस सिमेंटची छपरे घालण्यात आली. त्या काळी ते आधुनिकतेचे चिन्ह होते. २००९ मध्ये त्या देशाने ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आणली आणि २०११ पासून जुनी छपरे काढण्यासाठी सार्वजनिक साहाय्य सुरू केले. दुर्बल कुटुंबांना जुने छप्पर काढण्यासोबत नवे घालण्यासाठीही मदत मिळू लागली.

यांच्या शेजारी आपली घरकुल योजना ठेवून पाहावी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. नव्या घरासाठी ते मोलाचे आहे. पण जुन्या छपराच्या सुरक्षित विल्हेवाटीसाठी त्यात वेगळा भाग नाही. पोलंडने काढण्याचा खर्च दिला, घालण्याचा दिला नाही. भारत घालण्याचा खर्च देतो, काढण्याचा देत नाही. दोन्हींपैकी एक बाजू रिकामी राहिली की भार अखेर गरीब कुटुंबावर येतो, हा या तुलनेचा निष्कर्ष आहे.

काय करता येईल ?

पहिले पाऊल मोजणीचे. घरांच्या प्रत्येक गणनेत ॲस्बेस्टॉसच्या छपराला स्वतंत्र रकाना असावा. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत छपराचा प्रकार अचूक लिहिला गेला तरी मोठे काम होईल.

दुसरे पाऊल नव्या भरतीला आळा घालण्याचे. शासकीय निधीतून बांधल्या जाणाऱ्या शाळा, अंगणवाड्या, समाजमंदिरे आणि घरकुले यांत ॲस्बेस्टॉस न वापरण्याचा निर्णय खरेदीच्या पातळीवरच घेता येतो. मंगलोरी कौले, ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रे, रंगीत लेप दिलेले धातूचे पत्रे, तसेच बांबूच्या चटयांपासून बनवलेले नागमोडी पत्रे असे पर्याय देशात उपलब्ध आहेत. मागणी वाढली की त्यांचा दर उतरेल.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणजे घरकुलाच्या साहाय्यात छप्पर उतरवण्याचा खर्च जोडणे. याला पूर्वउदाहरण आहे. शौचालयासाठीचे १२ हजार रुपये स्वच्छ भारत मिशनच्या अभिसरणातून घरकुलाशी जोडले गेले. बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्थाननिर्देशासह नोंदवण्याची पद्धतही या योजनेत आहे. त्यात ‘जुने छप्पर सुरक्षितपणे उतरवले’ असा एक टप्पा घालणे प्रशासनाला अवघड नाही. तालुका पातळीवर ठरावीक दिवशी गुंडाळलेले पत्रे गोळा करून एकत्र वाहतूक केल्यास प्रत्येक घरामागील खर्चही बराच कमी होईल. ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणात या कामाचा समावेश झाला, तर गावातच कुशल पथके उभी राहतील.

चौथे पाऊल आपत्तीच्या तयारीचे. २०१९ मध्ये ओडिशात आलेल्या फनी आणि २०२० मध्ये रायगड-रत्नागिरीला तडाखा देणाऱ्या निसर्ग या चक्रीवादळांत छपरांची मोठी हानी झाली. अशा वेळी फुटलेल्या पत्र्यांचा ढिगारा उघड्या हातांनी उपसला जातो. किनारी जिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यात या ढिगाऱ्याची हाताळणी आधीच ठरवून ठेवायला हवी.

कुटुंबाने आणि मजुराने घ्यावयाची काळजी

धोरण आकाराला येईपर्यंतही काही गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. पत्रा अखंड असेल तर त्याला घासू नये, कापू नये, भोके पाडू नयेत. उतरवायचाच असेल तर वारा नसलेला दिवस निवडावा आणि मुलांना व गुरांना दूर ठेवावे. पत्र्यावर थोडा साबण मिसळलेले पाणी मारून तो पूर्ण भिजवावा. थेट पत्र्यावर पाय देऊ नये. जुना पत्रा अचानक तुटून माणूस खाली पडण्याचा धोका तंतूंइतकाच खरा आहे. म्हणून लाकडी फळ्या टाकून किंवा खालून परांची बांधून काम करावे. आकडे सोडवून पत्रा अखंड हातांनी उतरवावा, फेकू नये. साधा रुमाल किंवा कापडी मुखपट्टी सूक्ष्म तंतू अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारी, कण गाळणारी मुखपट्टी वापरावी. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत आणि त्यावर ठळकपणे लिहून ठेवावे. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने जागा पुसावी आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. तुकड्यांचा भराव करू नये, ते जाळू नयेत, कोणाला वापरायला देऊ नयेत.

यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा माहितीची गरज आहे. ग्रामसभा, आशा कार्यकर्ती, गवंडी आणि पत्रे विकणारा दुकानदार हे ती माहिती पोहोचवणारे दुवे ठरू शकतात. उरलेला खर्च, म्हणजे वाहतूक आणि शास्त्रीय विल्हेवाट, एकेका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि म्हणूनच तो सार्वजनिक जबाबदारीत मोडतो. ज्या कुटुंबाने गवताचे छप्पर काढून पक्क्या घराकडे पाऊल टाकले, त्यालाच पुढच्या पिढीत त्या पावलाची किंमत आजाराच्या रूपाने मोजावी लागू नये, एवढी तरतूद विकासाच्या हिशेबात असायलाच हवी.